खालचा खण

बुधवार पेठेत मैनुद्दीनभाई शेख यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. वडिलांच्या वेळचं. लाकडी खण जमिनीपासून छतापर्यंत गेलेले, आणि सगळ्यात खालच्या खणात पंख्याचे रेग्युलेटर. कारण वडिलांनी ते तिथे ठेवले होते. वडील सत्तरी उलटल्यावरही दिवसभर उकिडवे बसून माल काढत. मैनुद्दीनभाईंनी साठी नुकतीच ओलांडली होती. एका दुपारी ते तसेच उकिडवे बसले, रेग्युलेटर हातात घेतला आणि उठता येईना.

गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडे उभं होतं. मैनुद्दीनभाईंनी खालूनच त्याला अजून काही हवं आहे का ते विचारलं. नको, म्हणालं. मग त्यांनी कंपनी कशी चांगली आहे, वॉरंटी किती आहे, हे सगळं खालूनच सविस्तर सांगितलं. गिऱ्हाईकाने थोडा वेळ रिकाम्या काउंटरशी बोलून पाहिलं आणि ते शेजारच्या दुकानात गेलं. त्यानंतर मैनुद्दीनभाई खणाच्या कडेला धरून, दात आवळून कसेबसे उभे राहिले.

त्या दिवसापासून दुकानातले रेग्युलेटर संपले. दाराच्या बेलही संपल्या, त्याही त्याच खणात होत्या. कधी येणार असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही, असं उत्तर मिळे. मशिदीत ते आधीच खुर्चीवर बसून नमाज पढू लागले होते. पण तिथे कारण कुणी विचारत नाही.

बिंग फुटलं ते मेहुणीमुळे. शबनमला बेल हवी होती, ती हात हलवत परत आली आणि तिने तसं बहिणीला कळवलं. कमरजहां महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बेलचं खोकं दुकानात उतरताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं. घरात नवरा-बायको दखनी उर्दूत बोलत, पण विषय गंभीर असला की कमरजहां मराठीवर येत. त्या रात्री जेवताना त्या मराठीवर आल्या, आणि मैनुद्दीनभाईंनी काय ते सांगून टाकलं.

कमरजहां हसल्या नाहीत. त्यांनी बंगलोरला मुलीला फोन लावला. मिसबाने लगेच घरच्या घरी ताकद वाढवण्याचा एक व्हिडिओ पाठवला. त्यात उघड्या दंडांचा एक तरुण सारखा ओरडत होता आणि पाहणाऱ्याला वाघ म्हणत होता. मैनुद्दीनभाईंनी हॉलमध्ये सतरंजी घातली आणि वाघाला जे जे सांगितलं होतं ते ते केलं. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. दुकान बंद ठेवावं लागलं. दिवाणावर पाय लांब करून ते बऱ्यापैकी समाधानाने पडून होते. व्यायाम आपल्यासाठी नाही हे आता पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं.

कमरजहांना पुरावा पटला नाही. कर्वेनगरातल्या त्यांच्याच सोसायटीत तळमजल्यावर दीक्षा नावाची फिजिओथेरपिस्ट होती. सूज उतरल्यावर त्या नवऱ्याला तिच्याकडे घेऊन गेल्या. दीक्षाने गुडघा वाकवून पाहिला, चालायला लावलं, खुर्चीवरून उठायला लावलं. मैनुद्दीनभाई दोन्ही हात टेकवून उठले.

"काका, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय?"

"खालच्या खणातला रेग्युलेटर काढायचाय."

"आणि परत उभं राहायचंय?"

"ते आलंच त्यात."

मग तिने त्यांना काय आवडत नाही ते विचारलं. हा प्रश्न त्यांना डॉक्टरकडे कधी कुणी विचारला नव्हता, त्यामुळे त्यांनी मनापासून उत्तर दिलं. जमिनीवर आडवं होणं आवडत नाही. तोंडाने आकडे मोजणं आवडत नाही. कुणी बघत असताना काहीही करणं आवडत नाही. ओरडणारा माणूस तर मुळीच नको. दीक्षाने सगळं ऐकून घेतलं आणि हे सगळं टाळता येईल असं सांगितलं. मैनुद्दीनभाईंची जरा निराशा झाली.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची, तिच्यावर उशी. हात न टेकता सावकाश बसायचं, सावकाश उठायचं. ते सोपं वाटायला लागलं की उशी काढायची. जमिनीवरच्या जोरांऐवजी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तळवे टेकवून जोर. वजनं विकत आणायची नाहीत. दुकानातली वायरची बंडलं दोन्ही हातांत धरून घरात फेऱ्या मारायच्या. मोजायचं काहीच नाही. अजून दोन-तीनदा जमेल असं वाटलं की थांबायचं. मांड्या दमल्या तर चांगलंच, पण गुडघ्यात टोचलं तर तेवढं खाली जायचं नाही.

जमत असताना थांबायला सांगणारं कुणी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. पहाटे फजरच्या नमाजानंतर, घर झोपेत असताना, एक दिवसाआड ते हे करू लागले. ओट्याशी जोर काढताना समोर मसाल्याचे डबे असत, आणि ते बघतात असं म्हणता येत नव्हतं.

काही आठवड्यांत उशी गेली. मैनुद्दीनभाईंना अंगात जोर आल्यासारखं वाटू लागलं. शेजारच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानातले उत्तरेश्वर चहाला आले असताना त्यांनी वायरची चार बंडलं एकदम उचलून दाखवली. उत्तरेश्वर वा म्हणाले. पाठ काही म्हणाली नाही, ती नुसती लचकली.

दीक्षा रागावली नाही. तिने विचारलं, "काका, उत्तरेश्वर तुमच्या खालच्या खणात आहेत का?"

"नाहीत."

"मग त्यांच्यासाठी कशाला उचललीत?"

पाठ बरी होईपर्यंत बंडलं बंद राहिली आणि नंतर एकेकच हातात आली. उन्हाळा सरता सरता मांड्या भरल्या, खुर्चीवरून ते तरुण माणसासारखे उठू लागले. मग दीक्षाने गुडघा पुन्हा तपासला आणि स्पष्टच सांगितलं. ताकद वाढली आहे, झीज मात्र आहे तशीच राहणार. उकिडवं बसणं यापुढे नाही.

मैनुद्दीनभाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "माझे वडील शेवटपर्यंत बसत होते."

"त्यांचा गुडघा त्यांच्याबरोबर गेला, काका. आपण तुमच्या गुडघ्याचं बघू."

तिने त्यांना दुसरी रीत दाखवली. दुखरा गुडघा घडी घातलेल्या गोणपाटावर टेकवायचा, दुसरा पाय पुढे ठेवायचा, एक हात खणाच्या कडेला, आणि पुढच्या पायावर भार देऊन उठायचं. वडील असे कधी बसले नव्हते. मैनुद्दीनभाईंना ते पटायला आठवडा लागला. पण उठता येत होतं.

मग एके दिवशी नारायण पेठेतले एक पेन्शनर दुकानात आले. तुमच्याकडे रेग्युलेटर नसतात असं सगळीकडे ऐकलंय, तरी विचारून बघतो, असं म्हणाले. मैनुद्दीनभाईंनी गोणपाट अंथरलं, खाली गेले, वर आले, रेग्युलेटर काउंटरवर ठेवला.

"हा पांढरा आहे. मला हस्तिदंती हवाय."

मैनुद्दीनभाई पांढरा घेऊन खाली गेले, हस्तिदंती घेऊन वर आले. पेन्शनरांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"पांढराच द्या."

मैनुद्दीनभाई पुन्हा खाली गेले. वर आले तेव्हा त्यांना थोडा दम लागला होता आणि राग अजिबात आला नव्हता. पेन्शनर जाता जाता म्हणाले की एवढी उठाबस करण्यापेक्षा हे वरच्या खणात का ठेवत नाही. ठेवता येतील, असं मैनुद्दीनभाई म्हणाले.

रात्री त्यांनी हे सगळं कमरजहांना सांगितलं, हस्तिदंतीसकट. त्या पोळ्या लाटत होत्या. ऐकून झाल्यावरही लाटतच राहिल्या. मग एकाएकी मराठीवर आल्या.

"माळ्यावरच्या देगेला भोक पडलेलं नाही."

देगेला, म्हणजे बिर्याणीच्या मोठ्या पातेल्याला, भोक पडलंय असं दोन वर्षांपूर्वी त्यांनीच सांगितलं होतं. ईदला सगळ्या भावकीला पुरेल एवढी बिर्याणी व्हायची, ती तेव्हापासून थांबली होती. भाऊबंद चार ठिकाणी पांगून जेवू लागले होते.

"मनगट मोडलं ना तेव्हापासून उचलत नाही मला ती," त्या म्हणाल्या. "रिकामीसुद्धा."

"ठाऊक आहे."

लाटणं थांबलं. "कसं?"

"वर मीच ठेवली होती, कशीबशी. भोक दिसलं असतं."

"मग बोलला का नाहीत?"

मैनुद्दीनभाईंनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. "मग मला खाली काढावी लागली असती. मलाही निघाली नसती."

कमरजहांनी लाटणं पुन्हा फिरवलं. पोळी तव्यावर टाकली, फुगली तशी काढून त्यांच्या ताटात वाढली. ती पहिलीच पोळी होती, आणि पहिली पोळी त्या नेहमी स्वतःसाठी बाजूला ठेवत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैनुद्दीनभाई ओट्याशी उभे राहिले तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा आधीच लागलेला होता. कमरजहांनी पदर खोचला होता. मनगट वाकवून जोर काढायचे नाहीत, मुठी टेकवून काढायचे, हे त्या खाली दीक्षाला विचारून आल्या होत्या. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. आपण मोजणार आहोत, मोजल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, एवढं मात्र त्यांनी बजावलं.

"मनातल्या मनात मोज," मैनुद्दीनभाई म्हणाले.

"सरका जरा तिकडे. गॅसची बाजू माझी."

ते सरकले.