झाकलेला प्रश्न

बालवर्गाला मी अठरा वर्षं शिकवते आहे आणि माझा पारा चटकन चढतो, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशीही चढला. संस्थेच्या अध्यक्षांनी टॅबवर एक झगमगीत ॲप दाखवलं आणि म्हणाले, "बाई, आता गणित यावर. तुमचा तो झाकणांचा पसारा आवरून टाका."

पसारा म्हणजे माझा मोजणीचा कोपरा. बाटल्यांची झाकणं, बटणं, लाकडी ठोकळे. पाच म्हणजे किती, हे माझी मुलं तिथे हातात धरून शिकतात. कोपरा जाणार म्हटल्यावर मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी भांडले. आमच्या मोठ्या बाई समजूतदार. म्हणाल्या, "नुसतं नको म्हणू नका. याहून बरं काही असेल तर शोधून आणा. पंधरा दिवस देते."

मग मी इंटरनेट पिंजून काढलं. एकोणीस साइट आणि ॲप पाहिली. एकात अस्वल मध्येच नाचायचं, दुसऱ्यात दर दोन आकड्यांनी जाहिरात. वहीत शेरे मारत गेले: गोंगाट, घोकंपट्टी, बरं. अध्यक्षांच्या ॲपमध्ये मात्र खोट सापडेना. वर आकडा येई, खाली तीन चित्रं, बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. माझ्या वर्गातल्या ठकीने वीसपैकी वीस तारे मिळवले. मी म्हटलं, "शाब्बास! आता मला पाच झाकणं दे." तिने ओंजळभर दिली. मोजली तर नऊ.

हे कोडं सोडवलं सासूबाईंनी. त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता, वाचन बंद, त्यामुळे जीव कंटाळलेला. "आण गं तुझा तो खेळ," म्हणाल्या. बघता बघता वीस तारे!

"अहो आई, आकडे दिसतात तुम्हाला?"

"डोंबल दिसतात! जे चित्र जरा हलतं, त्यावर बोट ठेवायचं. त्यात काय मोठंसं?"

खरंच की! बरोबर चित्र किंचित थरथरत होतं. मी डोळ्यांत तेल घालून आकडे बघत बसले होते, चित्रांकडे पाहिलंच नव्हतं.

मी पुठ्ठ्याची एक पट्टी कापली. आवाज बंद, प्रश्नावर पट्टी, आणि पुन्हा एकोणीसच्या एकोणीस. प्रश्न न वाचताही तारे मिळाले की वहीत फुली. शेवटी एकच साइट उरली, दिसायला अगदी फिकी. ठिपके क्षणभर दिसतात, नाहीसे होतात, किती होते ते सांगायचं. तारे नाहीत, टाळ्या नाहीत. दुरुस्त होऊन आलेला चष्मा लावूनही सासूबाई तिथे तीनदा चुकल्या. "हा खेळ भलताच खट आहे," म्हणाल्या. मी तोच निवडला. आठवडाभर ठकीने रोज ठिपके पाहिले आणि तितकी झाकणं मांडली.

पंधराव्या दिवशी संस्थेच्या सभेत मी अध्यक्षांचंच ॲप उघडलं आणि पट्टी चिकटवून टॅब त्यांच्यापुढे ठेवला. "सर, खेळून बघा."

"प्रश्न दिसत नाही, बाई."

"हलणाऱ्या चित्रावर बोट ठेवा."

वीस तारे! टॅब टाळ्या वाजवू लागला.

"सर, प्रश्न काय होते?" मी विचारलं.

मग मी त्यांना ठिपक्यांचा खेळ दाखवला आणि ठकीला पुढे बोलावलं. "सरांना पाच झाकणं दे बरं." तिने एकेक करून त्यांच्या तळहातावर ठेवली. पाच. थांबली, हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून दोन मावतील. मग सात होतील." आणि दोन ठेवली.

अध्यक्षांनी ती मोजली. मी पाहिलं, ओठ हलवत मोजली. "कोपरा राहू दे," ते म्हणाले, "आणि ते ठिपके टॅबवर घ्या." मोठ्या बाईंनी आधी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. माझा आनंद गगनात मावेना.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय गं, किती तारे मिळाले?"

मी पिशवीत हात घातला आणि त्यांच्या ओंजळीत सात झाकणं ठेवली.