सहा गल्ल्या

गेली बावीस वर्षं मी शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका शाळेत क्लार्क आहे. कुणी घर बदललं आणि ऑफिसला कळवलं नाही, की माझं डोकंच फिरतं. ‘वर्नेलबाईंना पत्ता दिलात का?’ असं मास्तरसुद्धा पोरांना दरडावतात.

माझ्या धाकट्या बहिणीची, ओडेटची, मुलगी कामिया आठवीत. तिला एकाच हायस्कूलचं वेड. सरकारी, फी नाही, पण निवडक पोरंच घेणारं. तिथल्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून तिने एकदा शनी बघितला आणि घरी येऊन चार दिवस दुसरं काही बोलली नाही. पोरगी वर्षभर घासत होती हो, खरंच.

तिथे नुसत्या गुणांवर थोड्याच जागा भरतात. बाकीच्या चार गटांत वाटतात. तुमच्या वस्तीतली माणसं किती कमावतात, किती शिकलीत, त्यावरून तुमचा गट. पहिला गरिबांचा, चौथा सुखवस्तूंचा, आणि प्रत्येकाची किमान गुणांची रेघ वेगळी. ऑक्टोबरात आम्ही अर्ज भरून पाठवला तेव्हा ओडेटचं घर दुसऱ्या गटात होतं.

नोव्हेंबरात तिने घर बदललं. फार नाही, सहा गल्ल्या पलीकडे. भिंतींना बुरशी नाही, कामियाला स्वतःची खोली. नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना उचलून उचलून कंबर मोडली तेव्हा कुठे बाईला हे घर मिळालं. मी दारातूनच ओरडले, “आधी अर्जातला पत्ता बदला!”

“अगं ताई, खोकी तरी उघडू दे,” ओडेट म्हणाली.

“खोटा पत्ता सापडला तर भर वर्षात पोरीला हाकलतील. माझ्या डोळ्यांदेखत झालंय. मुदत संपायला आठवडा उरलाय, आण तो लॅपटॉप.”

“मावशी, तू पोलिसात जायला हवं होतंस,” कामिया म्हणाली. आम्ही तिघीही हसलो. मी अर्ज उघडला, नवा पत्ता घातला, पुन्हा पाठवला. गट तिसरा झाला. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

मार्चमधल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला निकाल लागला. ओडेटने मासे तळले होते. कामियाने स्क्रीन बघितला, लॅपटॉप हळूच मिटला आणि आपल्या खोलीत गेली. नऊशेपैकी आठशे एकसष्ट. तिसऱ्या गटाची रेघ होती आठशे सहासष्टवर. दुसऱ्या गटाची आठशे बेचाळीस. तिला मिळाली अर्जातल्या पसंतीच्या यादीतली सहावी शाळा, जी आम्ही उगीच रकाना भरायचा म्हणून लिहिली होती.

सोमवारी मी प्रवेशाच्या कचेरीत फोन लावला. म्हटलं, काहीतरी वाट निघेल. बाई चांगली होती बिचारी. म्हणाली, “अर्ज पहिल्यांदा पाठवला त्या दिवशीचा पत्ता खरा होता ना? मग झालं. नंतर घर बदललं तरी आमची हरकत नसते. तुम्ही अर्ज पुन्हा उघडलात, म्हणून नवा गट लागला.”

“मग आता जुना लावा ना!”

“आता नाही हो लागत. जागा भरल्या.”

मी फोन ठेवला. कुणी मागितला होता नवा पत्ता? कुणी विचारलं होतं मला? बावीस वर्षांची मोठी जाणती मी! एक फोन तेव्हा करायला माझे हात मोडले होते का?

संध्याकाळी ओडेटकडे गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. कामियाच्या खोलीचं दार बंद होतं. ओडेट स्वयंपाकघरात उभी होती, डोळे सुजलेले.

“चूक माझीच गं,” ती म्हणाली. “मला मेलीला चांगल्या घराची हाव सुटली. त्या बुरशीत आणखी एक वर्ष काढलं असतं तर काय मेले असते?”

मी तोंड उघडलं.

तिने माझा हात धरला. “पण ताई, तू होतीस म्हणून निदान खोटं तरी नाही वागलो आपण. नाहीतर मिळालेली जागा हिसकावून घेतली असती लोकांनी. तेवढं तरी तुझ्यामुळे वाचलं.”

“हो,” मी म्हणाले.