चाळीस सेकंदांची रोवेना

मित्रांनो, सिनेमात कुणाचे नशीब फुटले की मला बोलावतात. मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका गोदामात राहणारी व्हीलचेअर आहे. वय अडतीस, वजन एकोणीस किलो, बैठक शेहेचाळीस सेंटिमीटर रुंद. आकडे सांगते आहे, कारण माझ्याबद्दल आजवर सगळे भावनेनेच बोलत आले.

माझा जन्म रुग्णालयांचे सामान करणाऱ्या कारखान्यात झाला. कुणी स्वतःच्या हातांनी मला चालवावे, अशी माझी घडणच नाही. मागून कुणीतरी ढकलायचे, क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत न्यायचे आणि रुग्णाला खाटेवर उतरवायचे. एका माणसामागे फार तर वीस मिनिटे. बारा वर्षे मी ते इमानाने केले. मग हाताचे रेक्झिन फाटले आणि रुग्णालयाने मला काढून टाकले. सिनेमावाल्यांना सामान पुरवणाऱ्या गोदामाने मला उचलले. तिथले सामान सांभाळणारा डेस मला बघून म्हणाला, "हिचं रेक्झिन शिवायला नको. फाटकी आहे तीच बरी. कॅमेऱ्याला बिचारी दिसेल."

बिचारी दिसण्यात मी नाव काढले. अकरा सिनेमे केले. त्यांत माझ्यात बसलेले चौघे शेवटी उठून चालू लागले. पाच जण मेले, म्हणजे मग धडधाकट नायकाला जगण्याचा अर्थ कळला. उरलेले दोघे खलनायक. अकरांपैकी एकही जण माझ्यात बसून कोपऱ्यावरून दूध आणायला गेला नाही. आणि ते अकराही नट घरी पायांनी चालत गेले.

बारावा सिनेमा एका धावपटू मुलीचा होता. अपघातानंतर ती माझ्यात बसते. त्या भूमिकेसाठी रोवेना आली होती. ती रंगभूमीवरची नटी. कमरेखाली तिला संवेदना नाही. एकोणीस वर्षे ती खुर्ची वापरते. तिची निवडचाचणी डेसच्या गोदामातच झाली, म्हणून मी सगळे ऐकले.

दिग्दर्शक कॅलम म्हणाला, "काम झकासच केलंस गं. पण सुरुवातीला पळायचं दृश्य आहे ना, दोन मिनिटांचं."

"आणि बसायचं किती मिनिटांचं?"

"ते... पंच्याण्णव."

"मग पळायला दुसरी घे की!"

कॅलम हसला आणि भूमिका इमोजेनला दिली. इमोजेन उत्तम पळायची. तिला बसायला शिकवण्याचे काम रोवेनाकडे आले. सोबत एक छोटे दृश्यही मिळाले, चाळीस सेकंदांचे. अपघाताआधी इमोजेन एका कॅफेत शिरते. तिथे खुर्चीतली एक बाई मांस भरलेला पाव खात बसलेली असते. इमोजेन तिच्याकडे कीव करत पाहते. ती बाई म्हणते, "काय बघतेस? शेवटचा मीच घेतला म्हणून?" आणि खो खो हसते. वाक्य रोवेनानेच लिहिलेले होते.

"एवढ्याशासाठी कशाला राबतेस?" डेसने तिला विचारले होते.

"माझ्या शनिवारच्या नाटकाच्या वर्गात दोन मुली खुर्चीतून येतात, डेस. खुर्चीतली बाई मरताना त्यांनी शंभरदा पाहिलीय. हसताना एकदा तरी बघू देत."

चित्रीकरणाच्या दिवशी ती स्वतःच्या खुर्चीतून आली. नऊ किलोंची, तिच्या मापाने बांधलेली, जर्दाळू रंगाची खुर्ची. मला पाहूनच हेवा वाटला. कॅलमला मात्र ती पसंत पडली नाही.

"ही फारच टकाटक आहे गं. लोक म्हणतील, हिला काय धाड भरलीय!"

"मला कुठे धाड भरलीय?"

"अगं, पण तसं दिसायला नको का? तू डेसच्या म्हातारीत बस. तीच खुर्ची पुढे इमोजेनच्या वाट्याला येते. नियती! कळलं?"

"उशी तरी माझी राहू दे."

"उशीनं तू चार बोटं वर येतेस. चौकटीत बसत नाहीस. वीस मिनिटांचं तर काम आहे."

नाही म्हटले तर दृश्य जाणार, हे रोवेनाला कळत होते. ती माझ्यात येऊन बसली.

इथे थोडे विज्ञान सांगते. तुम्ही बसल्या जागी दर थोड्या वेळाने नकळत सरकता, कारण टोचू लागते. रोवेनाला टोचल्याचे कळत नाही. हाडाखाली त्वचा दबते, तिथले रक्त थांबते आणि काही तासांत मांस मरू लागते. म्हणून तिची खास उशी, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलणे. माझे हात तिच्यासाठी फार उंच आणि लांब होते. मी तिला अंग उचलूच दिले नाही.

आता या लोकांचा एक नियम ऐका. दृश्य सुरू झाले की मांडलेली वस्तू हलवायची नाही. प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्याशी जुळला पाहिजे. डेसने माझ्या चाकांभोवती जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या. आणि मेलबर्नचे आभाळ तर ठाऊकच आहे. ऊन, ढग, गारा, पुन्हा ऊन. कॅलम खिडकीतल्या उजेडासाठी थांबला. तीन तास पन्नास मिनिटे.

मध्ये सगळे जेवायला गेले. डेस मागे राहिला.

"रो, काढू का बाहेर?"

"पट्ट्यांवरून हलले तर आजचा दिवस गेला. दुसरा दिवस मला कोण देतंय?"

"उशी दहा पावलांवर आहे गं!"

"ठाऊक आहे."

डेसने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. एकतीस वर्षे त्याने तो नियम पाळला होता. त्याने हात काढून घेतला.

उजेड आला. दृश्य एका दमात झाले. रोवेना अशी हसली की दिवे धरणारी माणसेही हसली. त्या संध्याकाळी तिच्या अंगावर जखम सापडली. अकरा आठवडे ती रुग्णालयात पालथी पडून होती.

सिनेमा गाजला. इमोजेनला मोठे पारितोषिक मिळाले. व्यासपीठावर ती रडत म्हणाली, "त्या खुर्चीनं मला सगळं शिकवलं." डेसने ते मला वाचून दाखवले आणि कागद चुरगळला.

रोवेना बरी होऊन गोदामात आली, तेव्हा डेस तिच्याकडे बघत नव्हता.

"काय झालं? बोल की."

"तुझं दृश्य काढलं गं. सिनेमा हलका होतो, म्हणे."

"चाळीस सेकंदांनी?"

"हो."

"मुलींना मी तारीख सांगून ठेवली होती," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवून तिने विचारले, "आणि ही?"

"हिला तीन सिनेमांचं बोलावणं आहे. तिघांनाही शिकवायला तूच हवीस."

"त्यांना सांग, भूमिका असेल तर येते. शिकवणी बंद."

तिघांपैकी एकाचाही पुन्हा फोन आला नाही. त्यांनी नुसती मला मागितली. सोमवारी मला जायचे आहे. काल डेसने माझ्या आसांना तेल लावले.

मित्रांनो, जुन्या वस्तू अशा वेळी म्हणतात, आमची निगा राखा. मी म्हणणार नाही. कुणी डेसला सांगा, मला तेल लावू नकोस. मला बाहेर पावसात ठेवा, गंजू द्या. माझी चाके कायमची अडकली, तर निदान एकदा तरी त्या लोकांना रोवेनाला तिच्या खुर्चीसकट बोलवावे लागेल.