विसावा अणू

इन्सब्रुकच्या प्रयोगशाळेत रोझविथाने वीस अणूंवर चालणाऱ्या क्वांटम यंत्रातून काढलेलं उत्तर कुठल्याच संगणकाला पडताळता येत नव्हतं. शोधनिबंध दुपारी छपाईला जाणार होता.

"यंत्र उलटं चालव," तिचे प्रमुख लिओपोल्ड म्हणाले. "उत्तर बरोबर असेल तर वीसच्या वीस अणू मूळ स्थितीत परत येतील, आणि तरच मी निबंधावर सही करीन."

"आत्ता? आणि नाही आले तर?"

"तर जगाआधी आपल्याला कळेल."

तिने यंत्र उलटं सुरू केलं. पडद्यावर मूळ स्थितीत परतलेल्या एकेका अणूचा ठिपका उजळू लागला. एकोणीस उजळले. विसावा काळाच राहिला.

तिने दहा वेळा चालवून पाहिलं. दहाही वेळा तोच हुकला. दोन वर्षांची मेहनत!

"निबंध थांबवते," ती कशीबशी म्हणाली.

लिओपोल्डनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "दरवेळी तोच अणू हुकतोय. चल, त्याला चालवणारा लेसर तपासू."