बावीसच्या गोळ्या कुठे मिळतात?

मित्रांनो, मी फळा आहे. जुना, दगडी पाटीचा, डाव्या कोपऱ्यातला टवका उडालेला. फळा म्हटलं की तुम्हाला शाळा आठवेल. माझाही जन्म शाळेसाठीच झाला. खाणीतून दगड काढला, पातळ चिरला, घासून गुळगुळीत केला, भोवती लाकडी चौकट ठोकली आणि मालगाडीत घालून मला अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या व्हिंडाल गावच्या शाळेत आणलं. तिथे बेचाळीस वर्षं मी पाढे आणि शब्दांची अक्षरं अंगावर घेतली. मग शाळा बंद पडली. नेमबाजी क्लबाच्या ॲल्विन क्योसने लिलावात मला तीन डॉलरला उचललं आणि क्लबात कॉफीच्या भांड्याशेजारी टांगलं. तेव्हापासून मी बंदूकवाल्यांचा फळा झालो, आणि तेव्हापासून मला स्वस्थता कशी ती ठाऊक नाही.

क्लब म्हणजे काही राजवाडा नव्हे. जुन्या डेअरीची इमारत. खाली तळघरात पन्नास फुटांची नेमबाजीची जागा, वर कॉफी, डोनट आणि मी. हिवाळ्यात दर गुरुवारी दुपारी एकोणीस सभासद जमायचे, चटईवर पालथे पडायचे आणि कागदी लक्ष्यावर प्रत्येकी चाळीस गोळ्या मारायचे. या गोळ्या बावीसच्या, म्हणजे पॉइंट बावीस इंच नळीच्या बंदुकीच्या. सगळ्यांत लहान, सगळ्यांत स्वस्त. पन्नासांची एक पेटी, आणि ती कोटाच्या खिशात सहज मावायची.

माझं काम एकच. कुठल्या दुकानात बावीसच्या गोळ्या आल्यात, किती पेट्या आहेत, काय भाव आणि कुठल्या वारी पाहिल्या, एवढं लोकांना सांगायचं. ॲल्विनने माझ्या चौकटीवर पांढऱ्या रंगाने एक ओळ रंगवून ठेवली होती: 'डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा.' सही करायची पद्धत नव्हती. गरजच काय? एकोणीस माणसं, एकोणीस अक्षरं. कोणाचा तीन कसा आणि कोणाचा पाच कसा, ते कॉफी ओतणाऱ्यालासुद्धा पाठ.

काय दिवस होते ते. शेजारच्या गावांतून फोन यायचे, "फळा काय म्हणतो?" म्हणून विचारायचे. चिटणीस गेलन लिंड फोन कानाला लावून माझ्याकडे बघत सगळं वाचून दाखवायचा. माझ्या शब्दावर माणसं वीस-वीस मैल गाडी हाकायची आणि हसत परत यायची. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

मग तो हिवाळा आला. कुणी म्हणे बंदुकांवर नवा कायदा येणार, कुणी म्हणे कारखान्यांत मालच नाही. खरं-खोटं देव जाणे, पण जो एक पेटी घ्यायचा त्याने दहा घेतल्या. दहा घेतलेल्याला पाहून तिसऱ्याने वीस घेतल्या. आणि बघता बघता दुकानांतल्या फळ्या रिकाम्या. टंचाई येणार म्हणून धावले आणि धावले म्हणून टंचाई आली. अडीच डॉलरची पेटी सहाला गेली. रविवारच्या जुन्या बाजारात एकाने नऊ सांगितले, आणि मंडळींनी त्याला शिव्या घालत घालत नऊ मोजलेही. गावच्या हार्डवेअरच्या दुकानाने 'माणशी एक' अशी पाटी लावली, तर लोक सासूला घेऊन रांगेत उभे राहायला लागले. मालाचा ट्रक मंगळवारी यायचा. मंगळवारी सकाळी सहाला, नाक गोठवणाऱ्या थंडीत, ही साठी-सत्तरीची मंडळी हातात थर्मास धरून रांगेत.

आणि माझ्यावर काय चाललं होतं ते ऐका. आधी लोक पाहिलेलं लिहायचे. मग 'ऐकलं' असं लिहायला लागले. मग स्वतः सगळं उचलून आणायचे आणि नंतर लिहायचे, 'होत्या, संपल्या.' मग तेही लिहीनात. कोणी कोणाला ताकास तूर लागू देईना. तळघरात कपाटं भरलेली आणि क्लबात येऊन हळहळायचे, "छे रे, मिळतच नाहीत." गंमत अशी की ज्याच्याकडे जास्त, तोच कमी मारायचा. जपून ठेवायच्या ना! गुरुवारी एकोणीसच्या जागी अकरा यायला लागले, मग सात. मी भिंतीवर नुसता ताटकळत असायचो. कोणी खडू उचलला की वाटायचं, आता तरी काहीतरी खरं लिही बाबा.

त्या सातांत व्हर्नाबाई ओसगार्ड मात्र चुकत नसत. वय बहात्तर, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे वाढतच जाणार. तेव्हा हा हिवाळा शेवटचा, एवढे गुरुवार पुरे करायचे आणि बंदूक ठेवून द्यायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. एकदा माझ्यासमोर कॉफी पिताना कप त्यांच्या हातात इतका हलला की बशी भरली. गेलन पुसायला धावला. तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे रे. कप धरला की सांडतं हे ठरलेलंच. पण खाली पालथी पडले, बंदुकीचा पट्टा दंडाला आवळला, की चाळीस गोळ्यांपुरता हा हात माझा असतो."

गेलन तरीही पुसत राहिला.

सहा गुरुवार उरले होते आणि बाईंच्या डब्यात गोळ्या दोनच गुरुवारांपुरत्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे कोणी काही देऊ केलं की दोनदा 'नको' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, अशी रीत आहे. केकचा तुकडा असो नाहीतर बर्फ काढायला मदत असो. त्या हिवाळ्यात लोक एकदाच विचारायचे. "गोळ्या आहेत ना तुझ्याकडे, व्हर्ना?" त्या म्हणायच्या, "आहेत, आहेत," की विचारणारा सुटकेचा निःश्वास टाकून डोनटकडे वळायचा. मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो.

आता ऑर्डेल रुस्टाडबद्दल सांगतो. वाईट माणूस नव्हे हो. रस्ते खात्यात तीस वर्षं नकाशे काढलेला, अक्षर छापल्यासारखं. व्हर्नाबाईंच्या नवऱ्याचा जिवलग मित्र. माझ्यावर इतकी वर्षं लिहिलं, पण एक आकडा कधी चुकला नाही. त्याला कुठूनसं कळलं की येत्या मंगळवारी गावच्या दुकानात वीस पेट्या उतरणार आहेत. वीस पेट्या आणि रांगेत वीस माणसं. सोमवारी सकाळी तो क्लबात आला. कोणी नव्हतं. त्याने खडू घेतला, थोडा वेळ हातातच फिरवला आणि लिहिलं: 'सॉरबी, शेतकरी सोसायटीचं दुकान. बावीस. ४० पेट्या. अडीच डॉलर. मंगळवार, सकाळी सात.'

सॉरबी उत्तरेला पंचेचाळीस मैलांवर. आणि मंगळवार तर अजून उजाडलाही नव्हता! न उजाडलेल्या दिवशी डोळ्यांनी काय पाहिलं, हे एकाच्याही लक्षात येऊ नये? पण भूक लागली की कोण पानातलं निवडत बसतं. दिवसभर एकेक जण कॉफीच्या निमित्ताने यायचा, मला वाचायचा आणि चेहरा कोरा ठेवून निघून जायचा. मला चैन पडेना. माझ्या अंगावर खोटं लिहिलेलं, आणि ते मीच प्रत्येकाला सांगत होतो.

दुपारी व्हर्नाबाई कुणाचं तरी केकचं भांडं परत द्यायला आल्या. शहाण्यासारख्या भांडं ठेवून जातील असं वाटलं. पण त्या माझ्यासमोर थांबल्या. चष्मा लावला. सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं. मग चक्क हसल्या आणि लगबगीने बाहेर पडल्या. गावाबाहेर त्या गाडी नेत नाहीत, हे सगळे धरून चालले होते. ऑर्डेलही.

पुढचं मला गुरुवारी कळलं, तुकड्यातुकड्यांनी. मंगळवारी पहाटेच सगळे सॉरबीकडे सुटले. तिथला दुकानदार म्हणाला, चाळीस पेट्या? चार महिन्यांत एक पाहिली नाही. इकडे व्हिंडालला दुकानापाशी रांगच नव्हती. ऑर्डेल एकटा. दुकानदाराने मर्यादा सोडून दिली आणि दहा पेट्या त्याच्या हवाली केल्या. आणि व्हर्नाबाई सगळ्यांच्या आधी निघाल्या होत्या, अंधार असतानाच, म्हणजे रस्त्यात गर्दी नको. वारा सुटला होता, रस्त्यावरून बर्फ सरपटत होतं. सॉरबीच्या अलीकडे गाडी रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली. बाकीच्यांच्या गाड्या वरच्या रस्त्याने निघून गेल्या, पांढऱ्या धुरळ्यात कोणाला काही दिसलं नाही. दोन तासांनी बर्फ काढणाऱ्या ट्रकवाल्याने त्यांना बाहेर काढलं. जीव वाचला. उजवं मनगट मोडलं.

त्या गुरुवारी क्लबात सगळे होते, फक्त ते दोघे नव्हते. कोणी ऑर्डेलचं नाव घेतलं नाही. अक्षर समोरच होतं, नाव कशाला घ्यायचं? एकाने पुसायला कापड उचललं तर गेलन म्हणाला, राहू दे, दिसू दे सगळ्यांना. आणि पंधरा दिवस ती ओळ माझ्यावर तशीच राहिली. मित्रांनो, अंगावर मुंग्या चढाव्यात आणि हात नसावेत, तसे माझे ते पंधरा दिवस गेले.

मग एका गुरुवारी व्हर्नाबाई आल्या. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. लेकीने सोडलं होतं, गाडीची किल्ली आता तिच्याकडे होती. बाई कॉफीपाशी बसल्या. खालून गोळ्यांचे आवाज येत होते, त्या ते ऐकत होत्या. थोड्या वेळाने ऑर्डेल आत आला. त्याची दाढी वाढलेली होती. त्याने खिशातून दोन पेट्या काढल्या आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवल्या.

"या तुझ्या," तो म्हणाला. "मंगळवारीच बाजूला काढल्या होत्या. देवाशपथ, तुझ्यासाठीच."

बाईंनी पेट्यांकडे पाहिलं नाही.

"ते मी लिहिलं होतं, व्हर्ना. त्या बाकीच्यांना चुकवायला. तू जाशील हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं."

"तू लिहिलंस ते मला सोमवारीच कळलं होतं," बाई म्हणाल्या.

ऑर्डेलने मान वर केली.

"अरे, तुझं अक्षर होतं म्हणून तर मी निघाले. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी घराबाहेर पाय टाकला नसता."

खाली कोणाची तरी चाळिसावी गोळी सुटली आणि सगळं शांत झालं. बाईंनी डाव्या हाताने पेट्या हळूच त्याच्याकडे सरकवल्या. रागाने नव्हे. त्यांना आता त्यांचा उपयोग नव्हता, एवढंच. प्लास्टर सहा आठवड्यांचं होतं आणि गुरुवार त्याच्या आधीच संपणार होते. पुढच्या हिवाळ्यात त्या एकदा खाली चटईवर पालथ्या पडल्या होत्या म्हणे. पट्टा आवळूनही हात थांबला नाही.

त्या दिवशी बाई गेल्यावर गेलनने सगळ्यांना वर बोलावलं आणि प्रत्येकाकडे किती पेट्या आहेत ते विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग एकेक जण तोंडातल्या तोंडात आकडा सांगायला लागला. मित्रांनो, एवढ्याशा गावाच्या तळघरांत इतक्या गोळ्या निघाल्या की क्लबाला चार हिवाळे पुरल्या असत्या. बाईंना लागत होत्या फक्त चार पेट्या. ऑर्डेलने कापड घेतलं आणि ती ओळ स्वतःच्या हाताने पुसली. त्यानंतर त्याने खडूला हात लावला नाही.

तीन वर्षांनी दुकानांतल्या फळ्या पुन्हा भरल्या. भाव मात्र पूर्वीचा झाला नाही, आणि मीही पूर्वीचा राहिलो नाही. आता लोक फोनवर बघतात, कुठे काय आहे ते. माझ्यावर वर्षातून दोनदा जेवणाची यादी लिहितात. बटाट्याची भाजी गेलन आणणार, पाव कोण आणणार, असलं काहीतरी. चौकटीवरची ओळ कोणी वाचत नाही. पण मला अजून झोप नाही. कोणी खडू उचलला की जीव टांगणीला लागतो.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. हात नाहीत, तरी सांगतो. फळ्यावर लिहा, कागदावर लिहा, नाहीतर फोनवर लिहा, पण हे वाचून घराबाहेर कोण पडेल, याचा आधी एकदा विचार करा. ऑर्डेलनेही केला होता. सतरा माणसं त्याने एकेक करून डोळ्यांसमोर आणली होती. अठरावं त्याच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास ठेवणारं होतं, आणि तेवढं एक राहून गेलं.