न धुतलेला स्पंज

गल्लीत त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. लाँड्री होती त्यांची. शाई म्हणू नका, तेल म्हणू नका, गंज म्हणू नका, कपड्यावरचा कुठलाही डाग त्यांच्या हातून वाचला नाही, म्हणून लोक त्यांना 'डागदर' म्हणत. लाँड्री विकून बरीच वर्षं झाली, बायको जाऊनही काही वर्षं लोटली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय खोटं आहे? त्यांच्या घरातल्या उशीवर डोकं ठेवायचा धीर व्हायचा नाही कोणाला. बायको म्हणायची, "मी मेले की तुम्ही आधी मला इस्त्री कराल आणि मग रडाल." ती गेली तेव्हा त्यांनी तिच्या अंगावरची चादर हातानं सारखी केली, एकही सुरकुती ठेवली नाही, आणि मग रडले. बाई ओळखून होती नवऱ्याला.

तर अशा माणसानं मासा पाळायचं कबूल केलं! झालं असं, की जावयाची दूर बदली झाली. बिऱ्हाड हलणार, पण नातीचा सोनेरी मासा एवढा प्रवास कसा करणार? लेकीचा फोन आला. "बाबा, पोरीची परीक्षा संपली की निघू आम्ही. तोवर टाकी तयार करून मासा सांभाळायला जमेल का? नाहीतर शेजारी देऊन टाकते."

"शेजारी कशाला? मी काय मेलोय?" डागदर म्हणाले.

आता खरं सांगायचं, तर माशाशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं कोण, तर लिफ्टमधली बाई, आणि तीसुद्धा रेकॉर्ड केलेली. मासा आला की मासा सोडायला नात येईल. आली की एखाद रात्र राहील. गेली तरी "माझा मासा कसा आहे" म्हणून फोन करील. म्हातारा एकटेपणानं वाळून चालला होता, त्याला कोणीतरी घरात हवं होतं.

कारण मागे एकदा आली होती, तेव्हा ती राहिली नव्हती. सोफ्यावर बसून सरबत पिताना नातीच्या हातून पेला कलंडला. यांनी काय करावं? पोर बसलेली असतानाच तिच्याखालचं कव्हर ओढून काढलं आणि तडक बाथरूममध्ये जाऊन घासायला बसले. बाहेर आले तर पोर भिंतीला चिकटून उभी. निघेपर्यंत ती कुठेही बसली नाही, जेवलीसुद्धा उभ्यानंच. तेव्हापासून लेक गावात आली की मैत्रिणीकडे उतरायची. "बाबा, तुम्हाला उगाच त्रास नको," म्हणायची. डागदर चार माणसांना सांगत, "डाग ओला असतानाच धरावा लागतो. माझं काय चुकलं?" चार माणसं विषय बदलत.

माशांचं दुकान एका बाईचं होतं. मासेवाली म्हटलेलं तिला खपत नसे. "काका, मासेवाली मेलेले मासे विकते, मी जिवंत विकते." तिनं काचेची टाकी दिली, खडी दिली, गाळणीचा पंप दिला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारे थेंब दिले, आणि बजावून सांगितलं, "साबण लावायचा नाही. खडी नुसत्या पाण्यानं धुवायची, पाणी नितळ निघेपर्यंत." मग आपल्या जुन्या टाकीतून स्पंजचा एक तपकिरी, बुळबुळीत बोळा काढून पिशवीत घातला. "आणि हा पंपात बसवायचा. हा घरी जाईपर्यंत ओला राहिला पाहिजे. मासा पाण्यात घाण करतो ना, ती पचवणारे बारीक जीव असतात ह्याच्यात. ते टाकीत वाढले की मगच मासा. तोवर रोज चिमूटभर खाद्य टाकायचं."

"मासा नसताना खाद्य?"

"मासा नसताना. त्या जीवांना नको का काही?"

डागदरांनी घरी जाऊन टाकी भरली, थेंब घातले, पंप लावला. साबणाला हात लावला नाही हो, शपथेवर! पण तो बोळा त्यांनी पिशवीतून दोन बोटांच्या चिमटीत धरून काढला. असली घाण नातीच्या माशाच्या पाण्यात घालायची? दुकानदारीण म्हणजे अगदीच गबाळी बाई. मग त्यांनी आपल्या हिशेबानं मधला मार्ग काढला. बोळा उकळत्या पाण्यात घातला, पिळला, परत घातला. पांढराशुभ्र झाला, तेव्हा उन्हात वाळवून पंपात बसवला आणि समाधानानं झोपले.

रोज सकाळी ते चिमूटभर खाद्य घेऊन टाकीपाशी जात आणि रिकाम्या पाण्यात टाकत. पहिल्यांदा लाज वाटली, मग सवय झाली. पुढे पुढे तर "घ्या, खा" असंही म्हणू लागले. उत्तर कोण देणार? पंपाचे बुडबुडे तेवढे यायचे.

पाणी काही सुधारेना. बाटलीत नमुना घेऊन ते दुकानात गेले की बाई त्यात औषध टाके आणि रंग बघे. पिवळा राहिला तर पाणी चांगलं, हिरवा झाला तर विषारी. दर खेपेला हिरवागार. शेवटी तिनं विचारलं, "काका, तो बोळा कसा दिसतो आता?"

"नव्यासारखा!" डागदर छाती काढून म्हणाले. "उकळून घेतला ना."

बाई आधी खो खो हसली, मग काउंटरवर दोन्ही हात टेकून त्यांच्याकडे बघत राहिली. "अहो काका, काय केलंत हे! ते जीव त्या घाणीतच होते. तुम्ही शिजवलेत त्यांना. इतक्या स्वच्छ पाण्यात मासा आठवडाभरही तगणार नाही. त्याच्याच घाणीनं मरेल तो."

डागदर बाटली उचलून निघाले. घरी येताना तेच वाक्य त्यांच्या डोक्यात घुमत होतं. दार उघडलं तर समोर सोफ्याचं पांढरं कव्हर, परीटघडीचं. त्या सरबतानंतर त्यावर कोणी बसलं नव्हतं, आणि त्याचं आपल्याला कौतुक वाटत होतं, हे त्यांना त्या वेळी पहिल्यांदा कळलं. वाईट वाटलं त्यांना, फार वाईट वाटलं.

बाईनं दुसरा बोळा दिला होता. तो त्यांनी तसाच, डोळे मिटून बसवला. मध्यंतरी पाणी दुधासारखं गढूळ झालं. हात असे शिवशिवायला लागले की सांगता सोय नाही! मग त्यांनी टाकीवर चादर टाकली आणि फक्त खाद्य घालण्यापुरती उचलायची असं ठरवलं. परीक्षा संपत आली, लेकीचा फोन आला, आणि चादर उचलली तेव्हा पाणी नितळ होतं. दुकानात बाटलीतला रंग पिवळा राहिला. "आणा मासा," बाई म्हणाली. डागदरांनी तिथून येताना मुद्दाम सरबताची बाटली घेतली, लालभडक.

लेक आणि नात आल्या. नातीच्या हातात पाण्यानं भरलेली पिशवी, पिशवीत मासा. डागदर म्हणाले, "लगेच सोडायचा नाही. पिशवी तरंगत ठेवायची, दोन्ही पाणी सारखं होऊ द्यायचं. घाई नाही." पोर काचेला दोन्ही तळवे आणि नाक लावून बघत बसली. काच श्वासानं धुरकटली, बोटं उमटली. डागदर पिशवीत वाटीवाटीनं टाकीचं पाणी घालत होते, एक वाटी झाली की थांबत. इतकं थांबायची गरज नव्हती. पण मासा सुटला की ह्या निघणार, हे त्यांना दिसत होतं.

"सरबत घे गं," ते म्हणाले. "सोफ्यावर बसून घे."

नातीनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "नको बाबा, ती उभ्यानंच घेईल. हो ना गं?" आणि पोर शहाण्यासारखी मोरीपाशी जाऊन, पेल्याखाली हात धरून प्यायली.

"आजची रात्र राहा ना," डागदर म्हणाले.

"मैत्रिणीकडे सांगून ठेवलंय बाबा. पहाटे निघायचंय, तुम्हाला कशाला धावपळ?" लेक मायेनं म्हणाली. माया होती तिच्यात, नाही असं नाही.

मासा शेवटी टाकीत सुटला. नातीनं टाळ्या वाजवल्या. लेकीनं पर्समधून रुमाल काढला आणि खाली बसून काच पुसायला लागली. तळव्यांचे ठसे, नाकाचा ठसा, सगळं.

"अगं, राहू दे! पुसू नकोस!" डागदर जवळजवळ ओरडलेच.

पोर चटकन आईच्या मागे गेली. लेक आणखी भराभर पुसू लागली. "झालं झालं बाबा, रागावू नका. बघा, एकसुद्धा डाग ठेवला नाही."

त्या गेल्यावर डागदर टाकीसमोर जमिनीवर बसले. काच लख्ख होती. त्यांनी विजेरी आणली आणि ती तिरकी धरली, लाँड्रीत फिकट डाग शोधायला धरत तशी, आणि पुढून, बाजूनं, मागून काच न्याहाळली. खालच्या कोपऱ्यात, जिथं रुमाल पोचला नव्हता तिथं, करंगळीएवढा एक ठसा सापडला.

त्यांनी घरातलं काच पुसायचं फडकं शोधून काढलं आणि बाहेर जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग परत येऊन त्या ठशाशेजारी बसले. मासा भूक लागल्यासारखा काचेशी आला.

"घे, खा," ते म्हणाले.