खंडेनवमीचा विसावा

मित्रांनो, मी कोल्हारमधल्या एका घरातला जुना संगणक. पुण्यात शिकत असताना मोनिकाने सुटे भाग जोडून मला उभं केलं आणि नगरच्या कॉलेजात नोकरी लागल्यावर गावी आणलं. पाहुण्यांना वाटायचं, पोरगी माझ्यावर सिनेमे बघते.

माझं काम फार किचकट. विजेचा भार असलेला एक कण दुसऱ्याच्या जवळून गेला की त्याची वाट वाकते. ती किती वाकते, याचा ढोबळ आकडा कागदावरही निघतो. पुढच्या बारीक बारीक दुरुस्त्यांसाठी मात्र मला आठवडेच्या आठवडे राबावं लागतं. परदेशातल्या एका संशोधक गटाचा आकडा दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या काही घरांत चुकलाय, असं मोनिकाला वाटत होतं. दसऱ्यानंतर तो छापायला जाणार होता. त्याआधी आपला आकडा पाठवायचा, एवढाच तिचा ध्यास. वीज गेली तरी मी थांबू नये म्हणून तिने इन्व्हर्टर बसवला. "माझा वाघ आहे हा," म्हणायची, आणि मी फुगून जायचो.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं पुजतात आणि त्या दिवशी त्यांना राबवत नाहीत. मोनिका झेंडू आणायला बाजारात गेली होती. तिची आई लंकाबाई विळे, कुदळी पुजून माझ्याकडे आली. तिने मायेने माझी धूळ पुसली.

"वरीसभर राबतंय बिचारं. आज तरी इसावा घे, बाबा," म्हणाली आणि बटण बंद केलं.

नेमका त्याच वेळी मी जुनी नोंद पुसून तिच्या जागी आजवरचं काम साठवत होतो. सगळंच वाया गेलं. मला ओरडता येत नाही, याचं तेवढं दुःख कधीच झालं नव्हतं.

मोनिका आली आणि झेंडूची पिशवी टाकून मला चालू करून साठवलेलं काम शोधू लागली.

"काही चुकलं का गं माझं?" लंकाबाईने विचारलं.

मोनिकाने आईच्या हळदीने भरलेल्या हातांकडे पाहिलं. "न्हाई आई. झालं हुतं त्याचं काम."

परदेशातला आकडा तसाच छापून आला. मोनिकाने मला पुन्हा पहिल्यापासून कामाला लावलं, पण आता ती मला वाघ म्हणत नाही. माझा पंखा घरघरतो, अंग तापतं. तरी उत्तर आता टप्प्यात आलंय.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. मोनिका सकाळपासून माझ्यासमोर बसून आहे. झेंडू आणायलाही गेली नाही. लंकाबाई हळदी-कुंकू घेऊन शेजारी उभी आहे.

"ऊठ की, पोरी. त्याला इसावा दिऊ दे."

मोनिका उठत नाही आणि बोलतही नाही. मित्रांनो, आम्हा यंत्रांवर माया जरूर करा, पण हात लावण्याआधी आमचं काय चाललंय ते विचारा. आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ते सांगावं. आईला वाईट वाटेल, तरीही सांगावं. मला वाचा नाही. मोनिका, तुला आहे.